मास्तरांचा बाक

मास्तर परीक्षेला बसले म्हणजे आळीला मोठी मौज वाटते. वर्षानुवर्षे दुसऱ्यांच्या उत्तरपत्रिकांवर तांबडी शाई चालवणारा मनुष्य स्वतःच प्रवेशपत्र हातात घेऊन परीक्षेच्या दालनात शिरतो, हे दृश्यच तसे आहे. घराच्या एका कोपऱ्यात मुलगी दहावीच्या भूगोलाचे नकाशे काढते आहे आणि दुसऱ्या कोपऱ्यात तिचे वडील एम. एड.साठी शैक्षणिक मानसशास्त्राची टिपणे घोकत आहेत, असा देखावा महाराष्ट्रातल्या शिक्षकांच्या घरांना नवा नाही. पुष्कळ घरांत वडिलांच्या जागी आई असते, आणि तिची टिपणे शेगडीवरच्या दुधाकडे एक डोळा ठेवून पाठ होत असतात. दिवसा शाळा, संध्याकाळी व्याख्याने, सुटीत प्रबंध. आणि या सगळ्यातून जो वेळ उरेल त्यात संसार.

अशा मास्तरांना एक प्रश्न हटकून विचारला जातो. विचारणारा कधी शेजारी असतो, कधी सासुरवाडीचा पाहुणा असतो, तर कधी शिक्षकांच्या खोलीत शेजारच्याच खुर्चीवर बसणारा सहकारी असतो. ‘‘आता या वयात ही पदवी कशाला? शिकवायचे ते पाचवीच्या वर्गालाच ना?’’ मास्तर बिचारे हसून म्हणतात, ‘‘पगारात थोडा फरक पडतो हो.’’ हे उत्तर खोटे नसते, पण पुरेही नसते. मी स्वतः इतिहासाचा शिक्षक. खडूच्या धुळीत माझी उमर गेली. हा प्रश्न मीही पुष्कळदा ऐकला आहे. त्याचे मला मनापासून पटलेले उत्तर मात्र शिक्षणशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात सापडले नाही. ते सापडले अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका लहानशा निकालपत्रात. निकालाची तारीख ५ जून १९५०. वादी एक वयस्क मास्तर, आणि त्यांचे मागणे एवढेच की, मला वर्गात इतरांबरोबर बसू द्या. ती हकीकत यंदा फराळाच्या ताटाबरोबर वाचकांपुढे ठेवावी असे मनात आले.

हकीकत समजायला थोडा मागचा इतिहास हवा. अमेरिकेत गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली. ती संपवणाऱ्या लोकांविषयी आपल्याकडे केवढा आदर होता याची साक्ष जोतीराव फुल्यांनीच देऊन ठेवली आहे. १८७३ साली प्रसिद्ध झालेला आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनी अमेरिकेतल्या त्या सत्पुरुषांना अर्पण केला. पण बेडी तुटली तरी वळ लवकर जात नाहीत. दक्षिणेकडच्या राज्यांनी हळूहळू असे कायदे केले की, काळ्या लोकांची शाळा निराळी, आगगाडीचा डबा निराळा, पाणी पिण्याचा नळसुद्धा निराळा. १८९६ साली सर्वोच्च न्यायालयानेच या व्यवस्थेवर आपला शिक्का उठवला. सोयी सारख्या असतील तर त्या वेगळ्या असायला घटनेची आडकाठी नाही, असे न्यायालय म्हणाले. ‘वेगळे पण समान’ असे या तत्त्वाचे नाव पडले. त्यातला ‘वेगळे’ हा शब्द दक्षिणेने मोठ्या कटाक्षाने पाळला. ‘समान’ या शब्दाकडे पाहायला कोणाला फारशी सवड झाली नाही.

वेगळेपणाचा शाळेच्या चार भिंतींत काय अर्थ होता, हे सेप्टिमा क्लार्क या शिक्षिकेच्या आयुष्यावरून चांगले कळते. क्लार्कबाईंचा जन्म १८९८ सालचा, साउथ कॅरोलायना राज्यातील चार्ल्स्टन या बंदराच्या गावचा. वडील गुलामीत जन्मलेले. आई लोकांचे कपडे धुऊन संसाराला हातभार लावणारी. १९१६ साली, वयाच्या १८व्या वर्षी, मुलगी शिक्षिका झाली. परंतु चार्ल्स्टनच्या सरकारी शाळांत त्या काळी काळ्या शिक्षकांना नेमतच नसत. काळ्या मुलांच्या शाळांतही शिकवायला गोरेच! तेव्हा तिला जावे लागले जवळच्याच जॉन्स आयलंड या बेटावर. तेथे दोघी शिक्षिका आणि मुले १३२. दोघींतली मुख्य क्लार्कबाई. तिचा पगार महिना ३५ डॉलर, आणि सोबतिणीचा २५. समोरच गोऱ्या मुलांची शाळा होती. तिच्यात मुले ३ आणि बाईंचा पगार ८५ डॉलर! हे आकडे क्लार्कबाई पुढे आयुष्यभर सांगत असत. त्यांना टीकेची जोड द्यायची गरज त्यांना कधी पडली नाही.

शाळेत पुस्तकांचा तर खडखडाटच. मग बाईंनी परटाकडून आलेल्या कागदी पिशव्या जमवल्या आणि त्यांवर त्या मुलांच्याच भोवतालच्या झाडांच्या, पाखरांच्या, शेतीच्या गोष्टी लिहून त्या वाचायला शिकवल्या. रात्री मोठी माणसेही दारात येत. आम्हालाही वाचायला शिकवा म्हणत. इतके सगळे करणाऱ्या या बाईकडे त्या वेळी पदवी नव्हती. कॉलेजात जावे अशी फार इच्छा होती, पण घरच्या परिस्थितीने ती पुरी होऊ दिली नाही.

पुढे लग्न झाले. नवरा नौदलात खलाशी. तो १९२५ साली वारला. लहानग्या मुलाला सासरी आजी-आजोबांपाशी ठेवून बाई नोकरी करीत राहिल्या. १९२९ साली त्या राज्याची राजधानी कोलंबिया येथे शिकवायला गेल्या, आणि तेथून त्यांच्या शिक्षणाचा दुसरा प्रवास सुरू झाला. आपण साधारणतः शाळा, मग कॉलेज, मग नोकरी अशा क्रमाने जातो. बाईंचा क्रम उफराटा. १९३० सालच्या उन्हाळ्यात त्या न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आल्या. १९३७ सालच्या उन्हाळ्यात त्यांनी अटलांटा विद्यापीठात ड्यू बॉइस या थोर काळ्या पंडिताच्या हाताखाली अभ्यास केला. वर्षभर शाळा सांभाळून बी. ए. झाल्या त्या १९४२ साली, ४४व्या वर्षी. आणि हॅम्प्टन येथून एम. ए. झाल्या १९४६ साली, ४८व्या वर्षी. पहिल्या दिवसाच्या हजेरीपासून शेवटच्या पदवीपर्यंत ३० वर्षे लोटली होती.

न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ आपल्याला परके नाही. १९१३ ते १९१६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच विद्यापीठात शिकले. या विद्यापीठाशी जोडलेले, शिक्षकांचे म्हणून प्रसिद्ध असलेले ‘टीचर्स कॉलेज’ तेथून एक रस्ता ओलांडला की लागते. दक्षिणेतले काळे शिक्षक उन्हाळी सुटी लागली म्हणजे शेकडोंच्या संख्येने या कॉलेजात येत. यात ज्ञानाची ओढ होतीच, पण आणखीही एक कारण होते, आणि ते मोठे मासलेवाईक आहे. दक्षिणेतल्या राज्यांत काळ्यांसाठी कॉलेजे होती, पण त्यांतल्या बहुतेकांत बी. ए.च्या पुढची सोय नव्हती; आणि गोऱ्यांच्या विद्यापीठांची दारे तर बंद. कोणी पुढे शिकायचे म्हटले की कित्येक राज्ये त्याच्या हातावर फीचे पैसे ठेवीत आणि सांगत, ‘‘उत्तरेत जाऊन शीक. आमच्याकडे नको.’’ आपल्याच राज्याच्या तिजोरीतून आपल्याच नागरिकाला हद्दपारीचा खर्च द्यायचा, असा हा प्रकार. ज्या मास्तराच्या पाठीमागे बायकामुले आहेत, त्याने दर उन्हाळ्यात हजार-हजार मैलांची वारी करावी आणि तुकड्यातुकड्यांनी पदवी जोडावी.

बरे, पदवी मिळाली म्हणजे पगार तरी सारखा व्हावा? तोही नाही. पदवी तीच, इयत्ता तीच, काम तेच. पण पगाराच्या यादीत काळ्यांची ओळ निराळी. याविरुद्ध काळ्या लोकांच्या राष्ट्रीय संघटनेने न्यायालयांत एकामागून एक खटले उभे केले. साउथ कॅरोलायनात ते चालवले थर्गुड मार्शल या तरुण वकिलाने, आणि कोलंबिया गावच्या खटल्यात १९४५ साली न्यायमूर्ती वेअरिंग यांनी निकाल दिला की, समान कामाला समान पगार द्या. क्लार्कबाई या खटल्याच्या कामात स्वतः राबल्या होत्या. राज्याने तेव्हा नवीच युक्ती काढली. शिक्षकांची एक परीक्षा घ्यायची आणि पगार तिच्या निकालावर ठरवायचा. काळे शिक्षक आपोआप मागे पडतील, असा हिशेब. बाई परीक्षेला बसल्या आणि वरच्या श्रेणीत आल्या. त्यांचा पगार पाहता पाहता कित्येक पटींनी वाढला. ‘पगारात फरक पडतो’ हे उत्तर मी मघाशी अपुरे म्हटले, क्षुद्र म्हटले नाही, त्याचे कारण हे. तो फरक कोणी सहजासहजी पडू दिलेला नाही.

आता ज्यांच्या नावाचा तो निकाल, त्या मास्तरांकडे वळू.

ओक्लाहोमा हे राज्य १९०७ साली अमेरिकेच्या संघात आले, आणि आले ते वेगळेपणाचे कायदे बरोबर घेऊनच. तेथे काळ्या-गोऱ्यांना एका वर्गात शिकवणे हा गुन्हा होता. असा वर्ग चालवणाऱ्या संस्थेला दंड, शिकवणाऱ्या शिक्षकाला दंड, आणि त्या वर्गात बसणाऱ्या गोऱ्या विद्यार्थ्यालाही दंड; शिवाय प्रत्येक दिवस हा नवा गुन्हा. राज्यात काळ्यांसाठी लँग्स्टन येथे १८९७ साली स्थापलेली एकच उच्च शिक्षणाची संस्था होती, आणि तिच्यात पदव्युत्तर शिक्षण नव्हते.

या लँग्स्टन येथे जॉर्ज मॅक्लॉरिन नावाचे एक मास्तर शिकवीत असत. हाताशी एम. ए.च्या बरोबरीची पदवी, आयुष्यभराचा शिकवण्याचा अनुभव. १९४८ साली त्यांनी नॉर्मन येथील ओक्लाहोमा विद्यापीठाकडे अर्ज केला: मला शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट करायची आहे, प्रवेश द्यावा. विद्यापीठाने अर्ज फेटाळला. कारण एकच आणि तेही उघड: अर्जदार काळा आहे.

असा अर्ज करणारे ते एकटे नव्हते. थर्गुड मार्शल यांच्यापुढे कित्येक नावे होती. त्यांतून त्यांनी या मास्तरांनाच का निवडले, हे त्यांनी पुढे मिस्कीलपणे सांगितले. काळे आणि गोरे एकत्र शिकू लागले तर उद्या एकमेकांशी लग्ने करतील, ही विरोधकांची आवडती ओरड होती. तेव्हा मार्शल यांनी केस पिकलेले गुरुजीच पुढे केले. हे काही कोणाशी लग्न करायला निघालेले नाहीत, हे डोळ्यांना दिसावे म्हणून! विनोदाचा भाग सोडला तरी या निवडीमुळे एक गोष्ट लख्ख झाली. हा अर्जदार तरुण नव्हता, नोकरीसाठी अडलेला नव्हता. तो शिक्षक होता आणि त्याला आपल्या विद्येत पुढे जायचे होते. त्याला दारातच अडवायला काही सबबच उरत नव्हती.

कायद्याची वाटही थोडी मोकळी झाली होती. १९३८ साली मिसुरी राज्याच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की, परराज्यात शिकायला पैसे दिले म्हणजे जबाबदारी संपत नाही. शिक्षणाची सोय आपल्याच हद्दीत केली पाहिजे. १९४८च्या जानेवारीत ओक्लाहोमाच्याच एडा सिप्युएल या तरुणीच्या बाजूने निकाल लागला होता. तिला वकिलीचे शिक्षण हवे होते. राज्याने तिला वर्गात घेण्याऐवजी तिच्यासाठी घाईघाईने निराळे कायदा विद्यालयच उघडले. विधानभवनातल्या काही खोल्या आणि ३ शिक्षक! तिने तेथे पाऊल टाकले नाही. आता शिक्षणशास्त्राच्या डॉक्टरेटसाठीही अशीच खोल्यांची शाळा काढायची म्हणजे राज्याला खर्च झेपणारा नव्हता. मॅक्लॉरिन मास्तरांच्या दाव्यात खालच्या न्यायालयाने प्रवेश नाकारणे घटनाबाह्य ठरवले, आणि १९४८च्या ऑक्टोबरात मास्तर विद्यापीठात दाखल झाले.

दाखल झाले, पण कसे? पुढच्या साली कायदेमंडळाने कायदा दुरुस्त करून म्हटले की, जे शिक्षण काळ्यांच्या संस्थेत मिळत नाही ते गोऱ्यांच्या विद्यापीठात द्यावे, मात्र ते वेगळेपण पाळून द्यावे. विद्यापीठाने हे वेगळेपण आधीच अमलात आणले होते. वर्गाला लागून एक लहानशी बाजूची जागा होती. मास्तरांचा बाक तेथे मांडला गेला. तेथून त्यांनी मधल्या उघड्या भागातून वर्गातल्या व्याख्यानाकडे पाहावे आणि ऐकावे. ग्रंथालयात त्यांना पोटमजल्यावर एक टेबल दिले. खालच्या वाचनदालनात बसायची मनाई. उपाहारगृहात त्यांचे टेबल निराळे आणि जेवणाची वेळही निराळी. त्या वर्गाचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. गोरे विद्यार्थी ओळीने बसले आहेत आणि पलीकडे, आडोशाच्या जागेत, कोट घातलेले एक प्रौढ गृहस्थ एकटेच बाकावर बसून धड्याकडे लक्ष देत आहेत.

हे चित्र पाहून मराठी माणसाला जे आठवायचे ते आठवतेच. साताऱ्याच्या शाळेत एका बुद्धिमान मुलाला वर्गात आपल्या योग्यतेच्या जागी बसता येत नव्हते. त्याने घरून आणलेल्या गोणपाटावर कोपऱ्यात निराळे बसायचे. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर, आणि ही हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. साताऱ्याचा तो मुलगा आणि नॉर्मनचे हे मास्तर यांच्यामध्ये दोन समुद्र आणि जवळजवळ अर्धे शतक आहे. पण ज्या युक्तिवादाने दोघांना बाजूला बसवले तो एकच: ‘‘शिकायला मिळते आहे ना? मग कोठे बसवले याची तक्रार कशाला?’’

ओक्लाहोमाच्या सरकारने न्यायालयात हाच युक्तिवाद केला. खालच्या न्यायालयाला तो पटलाही. मास्तरांनी वरती अपील केले. अपील चालू असताना विद्यापीठाने थोडी थोडी माघार घेतली. मास्तरांना वर्गाच्या आत आणले, पण कठड्याने वेढलेल्या जागेत, आणि कठड्यावर पाटी: ही जागा काळ्यांसाठी राखीव. पुढे पाटी आणि कठडा गेला. ठरावीक ओळ राहिली. ग्रंथालयात खालच्या मजल्यावर टेबल मिळाले, पण नेमून दिलेले. उपाहारगृहात सर्वांच्या वेळी जेवायची मुभा मिळाली, पण टेबल निराळेच. सरकारी वकिलांना म्हणता आले की, आता उरले आहे ते केवळ नावापुरते. व्याख्यान तेच, प्राध्यापक तेच, पुस्तके तीच. उपाहारगृहातील रांगेत उभे असताना मास्तर सहाध्यायांशी खुशाल बोलू शकतात. घास घेताना तेवढे दूर बसायचे. आपल्याकडे याला पंक्तिप्रपंच म्हणतात. तो करणाऱ्याला नेहमी असेच वाटते की, वाढलेले अन्न तर सारखेच आहे!

१९५० सालच्या एप्रिल महिन्यात रॉबर्ट कार्टर या वकिलांनी मास्तरांची बाजू सर्वोच्च न्यायालयात मांडली, आणि ५ जूनला मुख्य न्यायमूर्ती व्हिन्सन यांनी एकमताचा निकाल सांगितला. निकाल मास्तरांच्या बाजूने लागला. निकालपत्र लहान आहे, भाषा कोरडी आहे. पण शिक्षकाने ते सावकाश वाचावे अशा त्यात तीन गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट अशी. न्यायालयाने विचारले, मनुष्य विद्यापीठात काय करतो? नुसते कान देऊन ऐकतो काय? तो अभ्यास करतो, चर्चा करतो, बरोबरीच्यांशी मतांची देवघेव करतो, आणि या सगळ्यांतून आपला व्यवसाय शिकतो. बाजूला बसवलेल्या माणसाचे यातले बहुतेक सगळे हिरावले जाते. मला वाटते, नोकरी करता करता शिकलेल्या प्रत्येक मास्तराला याची खूण पटेल. एम. एड.च्या वर्गात मला जे मिळाले, त्यातले निम्मे फळ्यावरून आले आणि निम्मे शेजारच्या बाकावरच्या दुसऱ्या मास्तरांकडून. आपल्या वर्गातला दांडगा मुलगा त्यांच्याही वर्गात असतो, आणि त्यांनी त्याच्यावर काही निराळा उपाय केलेला असतो. दोघे मिळून चहा पिताना जे शिकले जाते ते कोणत्याही अभ्यासक्रमात छापलेले नसते.

दुसरी गोष्ट या खटल्याचे मर्म आहे. न्यायालय म्हणाले, हा मनुष्य शिक्षणशास्त्रात वरची पदवी घेतो आहे, म्हणजे तो दुसऱ्यांना शिकवणार, त्यांना वळण लावणार. त्याच्या हाताखाली जे येतील त्यांच्या शिक्षणावर त्याच्या शिक्षणाचा परिणाम झाल्यावाचून राहणार नाही. त्याचे शिक्षण जेवढे उणे, तेवढे त्यांचेही उणे. हा विचार वाचताना मी थबकलो. वादी एक; पण न्यायालयाच्या नजरेपुढे त्या मास्तरांच्या मागे उभी असलेली, अजून वर्गात न आलेली, नावगाव ठाऊक नसलेली मुले होती. मास्तरांचा बाक एका कोपऱ्यात सरकवला की त्या मुलांचे बाकही तितकेच सरकतात.

तिसरी गोष्ट विनयाची. न्यायालय म्हणाले, सरकारने हे निर्बंध काढले म्हणून लोकांच्या मनांतले ग्रह जातीलच असे नाही. सहाध्यायी त्यांच्याशी बोलतील किंवा बोलणारही नाहीत. पण लोकांनी आपण होऊन दूर बसणे वेगळे आणि सरकारने दूर बसवणे वेगळे. आपल्या गुणांवर सोबत्यांचा स्नेह मिळवण्याची संधी सरकारला हिरावून घेता येणार नाही.

१८९६ सालचे ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व त्या दिवशी रद्द झाले नाही. परंतु त्याच्या पायातला मोठा दगड निघाला. बाक, पुस्तके, इमारत यांची मोजदाद करून ‘समान’ म्हणता येते; मनांची देवघेव कशी मोजणार? एकदा हा प्रश्न न्यायालयात शिरला तो बाहेर पडला नाही. १७ मे १९५४ रोजी मुख्य न्यायमूर्ती वॉरन यांनी टोपेका गावच्या शाळेचा सुप्रसिद्ध निकाल एकमताने दिला आणि सरकारी शाळांतले वेगळेपण घटनाबाह्य ठरवले. त्या निकालात मॅक्लॉरिन मास्तरांच्या खटल्याचा आधार घेतला आहे. न्यायालय म्हणाले, प्रौढ विद्यार्थ्याच्या बाबतीत जे खरे, ते लहान मुलांच्या बाबतीत अधिकच खरे. मास्तर डॉक्टरेटच्या वर्गात बसायला गेले आणि त्यांच्या मागोमाग पहिलीतली पोरे निघाली, असेच म्हणायचे!

इतिहास येथे थांबला असता तर गोष्ट फार गोड झाली असती. पण इतिहासाला गोड शेवटाची हौस नसते. शाळा एक करायच्या म्हटल्यावर बहुधा काळ्यांची शाळा बंद होई आणि तिच्यातले शिक्षक घरी बसत. १९५४ ते १९६५ या काळात दक्षिणेकडच्या आणि सीमेवरच्या १७ राज्यांतून सुमारे ३८,००० काळे शिक्षक आणि मुख्याध्यापक नोकरीला मुकले, असा अंदाज आहे. उन्हाळ्यामागून उन्हाळे खर्चून ज्यांनी पदव्या जोडल्या, अशी कित्येक माणसे त्यांत होती. पदवीने मास्तराची नोकरी पक्की होते, हा समज त्या दहा-अकरा वर्षांत पार खोटा ठरला.

क्लार्कबाईंचेही तेच झाले. १९५६ साली साउथ कॅरोलायनाने कायदा केला की, सरकारी नोकराने काळ्या लोकांच्या राष्ट्रीय संघटनेचे सभासद असू नये. बाईंनी सभासदत्व लपवले नाही आणि सोडलेही नाही. ४० वर्षांची नोकरी गेली आणि तिच्याबरोबर निवृत्तिवेतनही गेले. वय ५८.

टेनेसी राज्यात हायलँडर नावाची प्रौढांची एक शाळा होती. तेथे काळे-गोरे एकत्र राहून शिकत. बाई तेथे आधीपासून उन्हाळी वर्ग घेत असत. १९५५च्या उन्हाळ्यात त्यांच्या वर्गात रोझा पार्क्स नावाची एक शिवणकाम करणारी बाई येऊन गेली होती. त्याच वर्षीच्या १ डिसेंबरला माँटगोमेरी गावच्या बसमध्ये तिने गोऱ्या उतारूसाठी जागा सोडायला नकार दिला, हे जगाला ठाऊक आहे. नोकरी गेल्यावर क्लार्कबाई हायलँडरच्याच कामाला लागल्या, आणि त्यांना आपले जुने जॉन्स आयलंड आठवले. तेथल्या काळ्या लोकांना मत देण्याचा हक्क कागदावर होता. पण मतदारयादीत नाव घालायचे तर राज्यघटनेतला उतारा वाचून दाखवावा लागे, आणि वाचता न येणाऱ्यांची संख्या मोठी. १९५७च्या जानेवारीत बेटावरच्या एका सहकारी दुकानाच्या मागल्या खोलीत पहिली ‘नागरिक शाळा’ भरली. पुढे वाण्याचा माल, मागे फळा. गोऱ्यांना संशय येऊ नये म्हणून ही योजना. विद्यार्थी १४, सगळे शेतावर राबणारे प्रौढ. शिकवणारी बर्निस रॉबिन्सन ही व्यवसायाने केशभूषा करणारी. तिने आधी साफ सांगितले की, मला शिकवता येत नाही. बाईंनी तिलाच मुद्दाम निवडले होते. जिला आपण मास्तरीण आहोत असे वाटत नाही, ती लोकांचे ऐकून घेते, असा त्यांचा अनुभव होता. सही करणे, मनिऑर्डरचा अर्ज भरणे, मग राज्यघटना, असा त्यांचा क्रम.

या मागल्या खोलीतल्या पाठांवरून पुढे दक्षिणभर तशाच शाळा निघाल्या, आणि त्यांतून मतदार तयार झाले, कार्यकर्ते तयार झाले. मला येथे कोलंबियाचा तो उन्हाळा आठवतो, अटलांटाचा उन्हाळा आठवतो, हॅम्प्टनची ४८व्या वर्षीची पदवी आठवते. ते सगळे शिक्षण सरकारने नोकरीवरून काढले त्या दिवशी वाया गेले, असे वरवर पाहणाराला वाटले असते. ते गेले होते एका केशभूषा करणाऱ्या बाईच्या हातात, आणि तेथून १४ शेतकऱ्यांच्या हातात. शिक्षकाच्या विद्येचा हिशेब त्याच्या स्वतःच्या खात्यावर मांडला तर तो नेहमी तोट्यातच निघायचा. कारण जमा दुसऱ्यांच्या वहीत पडलेली असते.

१९७५ साली चार्ल्स्टनच्या लोकांनी क्लार्कबाईंना आपल्या शाळामंडळावर निवडून दिले. ज्या गावाने १९१६ साली काळी म्हणून शिक्षिकेची जागा दिली नव्हती, त्याच गावच्या शाळांचा कारभार पाहायला त्या ७७व्या वर्षी जाऊन बसल्या. पुढच्या साली राज्याने त्यांचे निवृत्तिवेतनही मान्य केले. १९८७ साली त्या वारल्या. ओक्लाहोमाच्या मास्तरांचे नाव अमेरिकेत कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी वाचतो.

येत्या सुटीत कोणाच्या घरी एखादे मास्तर किंवा बाई फराळाचा डबा बाजूला सारून प्रबंधाची पाने चाळताना दिसल्या, तर त्यांना वयाबद्दल छेडू नये. चहाचा एक कप पुढे ठेवावा आणि मुलांना म्हणावे, जरा हळू खेळा.